काजव्यांची बेरीज

जून उजाडला की व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरू लागतो. गडद निळं आकाश, मागे डोंगराची धार, पुढे हिरड्याचं नाहीतर सादड्याचं झाड, आणि शेंड्यापासून खालच्या गवतापर्यंत हजारो पिवळसर हिरवे ठिपके. सोबत ओळ असते: काजवे आले, लवकर निघा. शनिवारी माणसं निघतात. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत दोन तास काढून रात्री अकराला झाडापाशी पोहोचतात, खाली उतरतात आणि म्हणतात, "एवढेच?"

फोटो काढणाऱ्याने त्यांना फसवलेलं नसतं. त्याने ते सगळे काजवे खरोखर टिपलेले असतात, फक्त एका वेळी नाही. त्या चित्रात वीस-पंचवीस मिनिटं, कधी तासभर एकावर एक रचलेला असतो. डोळा असा रचत नाही. तो आता लुकलुकलेला काजवा पाहतो, पुढच्या क्षणी त्याला विसरतो. कॅमेऱ्याची ही बेरीज कशी होते ते या लेखात सांगायचं आहे, कारण हौशी छायाचित्रकाराला एक्स्पोजर हा प्रकार खऱ्या अर्थाने समजवायला काजव्यासारखा मास्तर नाही. वर्कशॉपांत वर्षभर ऐकलेली ॲपर्चर-शटर-आयएसओची त्रिकोणी आकृती इथे एका रात्रीत मोडते आणि नव्याने जुळते.

आधी हंगाम. सह्याद्रीत काजवे दिसतात ते साधारण मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. अकोले तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारली तर नक्षत्र सांगतात. सूर्य 25 मेच्या सुमाराला रोहिणीत आणि 7-8 जूनला मृगात जातो. "रोहिणीचा पाऊस पडला का दोन-चार दिसांत काजवं येत्यात," असं रतनवाडीकडच्या एका आजींनी सांगितलं आणि हवामानाच्या कुठल्याही ॲपपेक्षा हा ठोकताळा मला कामाचा वाटतो. वळवाच्या सरींनी जमीन भिजली, हवेत दमटपणा आला, की मातीत वाढलेले काजवे पंख घेऊन बाहेर पडतात. पुढे मोसमी पाऊस झोडपायला लागला की खेळ संपला. म्हणजे हातात पंधरा-वीस रात्री. त्यातही चांदणं टाळायचं, कारण लख्ख चांदण्यात काजव्यांचं चमकणं मंदावतं आणि जे चमकतात ते उठून दिसत नाहीत. अमावास्येच्या आगेमागे रात्र मिळाली तर उत्तम. भंडारदरा, घाटघर, साम्रद, रतनवाडी, पुरुषवाडी हा पट्टा प्रसिद्ध आहे. लोणावळ्याजवळ राजमाचीही आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर ते जमतात आणि ऐन भरात असले की अख्खं झाड एका तालात उजळतं-विझतं.

आता मूळ मुद्दा. रात्रीचं आकाश, डोंगर, झाडाचा बुंधा या गोष्टी सतत थोडा थोडा प्रकाश देत असतात. शटर जितका वेळ उघडं, तितकं हे सगळं उजळत जातं, पागोळीखाली ठेवलेली घागर भरत जावी तसं. काजव्याचं तसं नाही. तो सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता चमकतो आणि गप्प होतो, तोवर उडून पुढे गेलेला असतो. सेन्सरवर ज्या जागी त्याचा ठिपका उमटला तिथे तो परत येत नाही. म्हणून शटर दहा सेकंद उघडं ठेवा की साठ, त्या ठिपक्याची चमक तेवढीच राहते. ती ठरते फक्त ॲपर्चरवर आणि आयएसओवर. शटरचा वेळ ठरवतो दोन गोष्टी: चित्रात किती ठिपके येणार आणि मागची रात्र किती उजळणार.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं. काजवे फिके येताहेत? शटर वाढवून उपयोग शून्य. ॲपर्चर उघडा नाहीतर आयएसओ चढवा. काजवे ठीक आहेत पण आकाश दुधाळ झालंय, लांबच्या गावाच्या दिव्यांनी नारिंगी झालंय? शटर कमी करा, काजव्यांच्या चमकेला धक्का लागणार नाही. ठिपके कमी पडताहेत? जास्त फ्रेम घ्या.

लेन्सच्या बाबतीतही यातून एक गंमत निघते. एवढ्याशा ठिपक्याचा प्रकाश गोळा करायचा तर खरा हिशेब काचेच्या उघड्या भोकाचा असतो. 50 मिमीची एफ/1.8 लेन्स पूर्ण उघडली की ते भोक जवळपास 28 मिमी रुंद असतं. 24 मिमीची महागडी एफ/1.4 लेन्स घेतली तरी ते 17 मिमीच भरतं. किटबरोबर येणाऱ्या 18-55 झूमचं 18 मिमीला एफ/3.5 म्हणजे जेमतेम 5 मिमी. सगळ्या कंपन्यांची ती स्वस्तातली, प्लास्टिकच्या अंगाची 'पन्नासची प्राइम' काजव्यांच्या कामात लाख-लाखाच्या झूमला मागे टाकते ती अशी. तोटा एवढाच की तिच्यात अख्खा डोंगर मावत नाही. मग एकच झाड नीट निवडा. तसंही, मला विचाराल तर एका झाडाचे फोटो डोंगर-तळं-आकाशगंगा सगळं कोंबलेल्या फोटोंपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात.

भंडारदऱ्याच्या पट्ट्यातल्या एका गावाबाहेर नाशिकचे एक औषधविक्रेते भेटले. दुकान मुलाच्या हवाली करून दर हंगामात येतात. त्यांची तयारी पाहण्यासारखी होती. सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, हे साडेपाचलाच झाडासमोर हजर. उजेड असतानाच ट्रायपॉड रोवला, तिन्ही पाय मातीत दाबले, मधल्या दांड्याच्या हुकाला पाण्याची बाटली भरलेली पिशवी टांगली. झाडापर्यंतचं अंतर पावलं टाकून मोजलं. मग ऑटोफोकसने बुंध्यावर फोकस घेतला, लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवलं आणि फोकसच्या रिंगवर दुकानातली सर्जिकल टेप गुंडाळली. अंधारात चुकून हात लागला तरी रिंग हलता कामा नये. "रात्री फोकस शोधायचा नसतो, तो संध्याकाळी बरोबर आणायचा असतो," ते म्हणाले.

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 35 मिमी लेन्स एफ/2 ला ठेवली आणि साधारण 20 मीटरवर फोकस केला, तर 10 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. दहा मीटरच्या आत उडणारे काजवे मात्र मोठाल्या धूसर चकत्या होऊन उमटतात. काहींना त्या आवडतात. मला एखाद-दुसरी चालते. पंचवीस चकत्या आल्या की लग्नाच्या मांडवातली रोषणाई वाटायला लागते.

साडेसात ते पावणेआठच्या मधली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची. आकाश निळं असतं, झाडाची पानं अजून ओळखू येतात. या वेळी आयएसओ 200च्या आसपास ठेवून दोन-चार फ्रेम घ्यायच्या. ही चित्राची जमीन. यात नॉइज नसतो, पानापानाचा तपशील असतो. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही, कारण पुढच्या सगळ्या फ्रेम याच जमिनीवर बसायच्या असतात. काजवे चमकू लागले की आयएसओ 1600 ते 3200, ॲपर्चर एफ/1.8 किंवा एफ/2, शटर 15 ते 30 सेकंद, आणि इंटरव्हलोमीटर लावून एकामागून एक फ्रेम. इंटरव्हलोमीटर नसेल तर कंटिन्युअस मोडवर केबल रिलीजचं बटण दाबून अडकवून ठेवलं तरी भागतं. वीस सेकंदांच्या साठ फ्रेम म्हणजे वीस मिनिटं.

पहिल्या दोन-तीन फ्रेम झाल्यावर स्क्रीनचा उजेड किमान करून एकदाच झूम करून पाहायचं: काजव्याचे ठिपके पांढरे पडलेत का? पडले असतील तर आयएसओ उतरवा. काजव्याचा रंग हिरवट पिवळा असतो, पण ठिपका जळाला की रंग जातो आणि पांढरा खडा उरतो. पुष्कळ फोटोंत काजवे केशरी दिसतात ते व्हाइट बॅलन्समुळे. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा अंदाज बांधतो. रॉ फाइल घ्यावी, केल्विन 4000च्या आसपास बांधून टाकावं, घरी गेल्यावर बघता येतं.

एक सेटिंग आठवणीने बंद करायचं: लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असलं की वीस सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद शटर मिटून स्वतःचा काळा फोटो घेतो आणि वजा करतो. म्हणजे निम्मे काजवे हुकले. तेच काम शेवटी लेन्सला झाकण लावून, त्याच सेटिंगवर चार-पाच फ्रेम घेऊन एकदम उरकता येतं. दुसरी अडचण दवाची. मेअखेरच्या दमट हवेत नऊनंतर काचेवर वाफ धरते आणि कळतही नाही. पुढच्या चाळीस फ्रेम धुक्यात गेलेल्या घरी आल्यावर दिसतात. औषधविक्रेत्यांनी त्यावरही दुकानातलाच उपाय काढला होता. सांधेदुखीवर लावायची गरम होणारी पट्टी लेन्सभोवती गुंडाळून वर रबरबँड. काच हवेपेक्षा जराशी कोमट राहिली तरी दव धरत नाही.

घरी आल्यावर या साठ फ्रेमचं एक चित्र करायचं. फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम थरांनी लावून मोड 'लाइटन' करायचा. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'लाइटन ओन्ली' म्हणतात. स्टारस्टॅक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर तर हेच काम एका बटणात करतं. आत काय चालतं ते साधं आहे: प्रत्येक जागेसाठी साठही फ्रेममधला सगळ्यात उजळ पिक्सेल निवडला जातो, बाकीचे सोडून दिले जातात. सरासरी काढली असती तर एकाच फ्रेममध्ये चमकलेला काजवा एकोणसाठ काळोख्या फ्रेममध्ये विरून गेला असता. सगळी चमक नुसती एकमेकींत मिळवली असती तर आकाश पांढरं झालं असतं. उजळ तेवढं ठेवायचं, या एका नियमावर हे सगळे फोटो उभे आहेत. याच नियमाने आकाशात ताऱ्यांच्या रेघाही उमटतात. त्या नको असतील तर आकाश फक्त निळ्या वेळेच्या फ्रेममधून घ्यायचं. ऑलिम्पसच्या काही कॅमेऱ्यांत 'लाइव्ह कॉम्पोझिट' नावाची सोय आहे, तिथे ही बेरीज कॅमेऱ्यातच होते आणि एकेक काजवा स्क्रीनवर जमा होताना दिसतो.

झूम करून एखाद्या काजव्याचा माग काढा. अंधारात ठिपका, थोडं अंतर, पुन्हा ठिपका, पुन्हा अंतर. ही एकाच काजव्याची उडती वाट आहे. ठिपके दाट असतील तर तो रमतगमत उडत होता, विरळ असतील तर घाईत. उडणारे बहुतेक नर असतात. माद्या गवतात नाहीतर पानांवर बसून उत्तरादाखल चमकतात, म्हणून चित्रात खालच्या गवतात एकाच जागी थबकलेला एखादा ठळक ठिपका दिसला तर ती मादी असण्याची शक्यता मोठी.

काळोखात शटर उघडं टाकून प्रकाशाला स्वतःची रेघ ओढू देण्याची युक्ती जुनी आहे. 1949 साली जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन त्याला अंधाऱ्या खोलीत हवेत चित्रं काढायला लावली, ती 'लाइफ' मासिकाने छापली. ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेऊन ती जोडण्याची युक्ती तर आपल्याकडे त्याहून आधीची. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपट्यासमोर तो रोवला, दिवसामागून दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेतल्या आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. भांडवल घालणाऱ्याला पटवण्यासाठी तो उपयोगी पडला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, म्हणजे याच डोंगररांगेच्या कुशीतला. आजचा इंटरव्हलोमीटरवाला त्यांचाच वारस म्हणायला हरकत नाही.

फरक एक आहे. फाळक्यांचा प्रेक्षक पाहता पाहता समजत होता की इथे काळ आवळलाय. बी मिनिटभरात रोप होत नाही हे कुणालाही ठाऊक असतं. काजव्यांच्या फोटोत ते कळायला मार्ग नाही. शहरातल्या माणसाने काजवा पाहिलेलाच नसतो, त्याला वाटतं झाड असंच दिसतं. तो अपेक्षा घेऊन येतो, ती पुरी होत नाही, मग मोबाइलची बॅटरी मारून झाडात शोधायला लागतो. फोटोखाली 'वीस सेकंदांच्या साठ फ्रेम, एकत्र केलेल्या' एवढी ओळ घालायला काय लागतं? स्पर्धांमध्ये ही माहिती देणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक असतं. इन्स्टाग्रामवर नसतं, आणि तिथे घातली तर लाइक कमी होतात असं एका तरुण मित्राचं म्हणणं. असतील. पण बेरीज करून मांडलेलं चित्र एका क्षणाचं म्हणून खपवणं हे मला पटत नाही, विशेषतः त्या चित्रामुळे शेकडो गाड्या एका अरुंद रस्त्यावर येणार असतील तेव्हा.

कारण उजेड काजव्याला छळतो. त्याची सगळी बोलाचाली प्रकाशाची. नराने विचारायचं, मादीने उत्तर द्यायचं, आणि पंखवाल्या काजव्याचं आयुष्य असतं काही आठवड्यांचं. त्या काळात हेडलाइट, टॉर्च, फ्लॅश यांच्या झगमगाटात ती उत्तरं बुडाली तर पुढच्या वर्षीचे काजवे तितके कमी. गवतात उतरून झाडाजवळ जाणाऱ्यांच्या बुटांखाली बसलेल्या माद्या आणि मातीतल्या अळ्या चिरडतात ते वेगळंच. अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात, त्यांनाही ती जमीन शाबूत लागते. आमच्यासोबत आलेला गावातला वाटाड्या मुलगा दर दहा मिनिटांनी एकच वाक्य ओरडत होता, "ओ दादा, बॅटरी नका मारू, किडा बिचकतो." त्याच्या स्वतःच्या हातात बॅटरी नव्हती. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्या मुलाचे सरावलेलेच होते.

छायाचित्रकारानेही आपला कॅमेरा काळोखा करून ठेवायचा. फोकस घेताना पुढे पेटणारा छोटा दिवा मेनूतून बंद. फोटो काढल्यावर आपोआप दिसणारं चित्र बंद. फ्लॅश अर्थातच बंद. कार्डावर फाइल लिहिली जाताना मागे लुकलुकणारा तांबडा ठिपका असतो, त्यावर काळी टेप. हेडटॉर्च लागलाच तर लाल उजेडाचा, तोही जमिनीकडे, क्षणभर. लाल उजेड काजव्यांना कमी जाणवतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखातं या दिवसांत रात्रीच्या प्रवेशाला वेळेची मर्यादा घालतं. त्या वर्षीचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत. आणि शनिवार-रविवार सोडून जावं. मंगळवारी तेच झाड, तेच काजवे, गाडी मात्र एखादीच.

मोबाइलवर जमतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थोडंफार. फोनच्या लेन्सचं भोक तीन-चार मिमीचं, त्यामुळे जवळचे काजवे उमटतात, लांबचे हरवतात. प्रो मोडमध्ये शटर 20-30 सेकंद, आयएसओ 1600, फोकस हाताने, फोन छोट्या ट्रायपॉडवर, टायमर तीन सेकंद. नाइट मोड मात्र वापरू नका. तो अनेक फ्रेम घेऊन त्यांत न जुळणारं, हलणारं जे असेल ते डाग समजून पुसायला बघतो. काजवा त्याच्या लेखी डागच. साध्या फ्रेम घ्या आणि घरी लाइटन करा.

काजव्यांची वाट पाहायची गरज नाही, सराव दिवाळीतच होईल. आकाशात फुटणाऱ्या शोभेच्या फटाक्याचा हिशेब काजव्यासारखाच: ठिणगी धावते, एका जागी थांबत नाही, म्हणून तिची चमक ॲपर्चर आणि आयएसओवर, शटर फक्त किती फटाके एका चित्रात येणार ते ठरवतं. फटाका काजव्याच्या कितीतरी पट प्रखर, म्हणून आकडे उलटे. आयएसओ 100, एफ/8 ते एफ/11, शटर बल्बवर. गच्चीवर ट्रायपॉड लावा, फोकस लांबच्या इमारतीच्या दिव्यावर घेऊन मॅन्युअल करा. रॉकेट निघालं की शटर उघडा, फुटून विझलं की लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, शटर उघडंच ठेवा. दुसरं निघालं की पुठ्ठा काढा. असे तीन-चार फटाके एका फ्रेमवर घ्या. त्यापुढे चित्राचा गोळा होतो. रंग पांढरे पडले तर एफ/11 वरून एफ/16 वर जा. लक्ष्मीपूजनाला आठच्या आत सुरुवात करा आणि वारा पाठीमागून येईल अशी गच्ची निवडा, कारण नऊनंतर धूर साचतो आणि त्याला उजेड लागला की आकाश मातकट दिसतं.